आधी नाव, मग रंग

लासूरकर सर रिटायर झाले तेव्हा विभागातून मला फोन आला. तुम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, निरोप समारंभात दोन चांगले शब्द बोला म्हणे. मी दोन दिवस शोधले. सापडेनात, म्हणून ताप आलाय असं कळवलं आणि घरी बसले. मागाहून समजलं की बारा जण बोलले, बाराही जणांनी त्यांना ऋषितुल्य म्हटलं, आणि सर बाराही वेळा मान खाली घालून लाजले.

मी हे चिडून लिहितेय हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. येऊ द्या. या माणसाच्या हाताखाली मी साडेपाच वर्षं काढली. त्याच्यावर चिडायचा हक्क मी कमावलाय, कुणी फुकट दिलेला नाही.

दिसायला सर एकदम रुबाबदार. उंच, गोरे, केस मागं वळवलेले, चष्मा सोनेरी काडीचा. अंगात पांढरा कोट. तो कोट औरंगपुऱ्यातल्या एका लॉन्ड्रीत जायचा आणि कडक इस्त्री होऊन यायचा. साडेपाच वर्षांत त्यावर मी एक डाग पाहिला नाही. प्रयोगशाळेत राबणाऱ्या माणसाच्या कोटावर डाग नसणं म्हणजे रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या पदराला हळद नसणं. पिपेट त्यांच्या हातात मी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा फोटोसाठी, आणि त्यातल्या एका फोटोत ती उलटी धरलेली आहे. तो फोटो विभागाच्या बोर्डावर कित्येक वर्षं होता, अजूनही असेल.

त्यांचा एक लाडका शब्द होता, निःसंशय. आज ऊन निःसंशय जास्त आहे. चहा निःसंशय गोड झालाय. अमुक विद्यार्थी निःसंशय कामचुकार आहे. पाठीमागं पोरं त्यांना निःसंशयच म्हणायची. 'निःसंशय आले का रे?' 'नाही, स्कूटर दिसत नाही अजून.' 'मला माहीत नाही' हे तीन शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते दिवसातून दहादा यायला पाहिजेत असं मला वाटतं. पण मी कोण सांगणारी?

ती वर्षं दुष्काळाची होती. नळ पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा, तोही रडत. टँकर आला की अख्खी गल्ली हंडे घेऊन मागं पळायची. आणि शहर तर फुगतच चाललेलं. बीड बायपासच्या पलीकडं काल जिथं ज्वारी होती तिथं आज रो-हाऊसचा बोर्ड. प्यायला पाणी नाही अन् प्लॉटिंग जोरात, असा सगळा कारभार. जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. तिथं जे मिळेल ते जनावरांपुढं पडायचं, उसाचं वाढं, काळा पडलेला कडबा, बुरशी धरलेली पेंड. या बुरशीचं एक विष असतं. ते जनावराच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध कितीही उकळलं तरी जात नाही. दुधात ते आहे की नाही हे जागच्या जागी कळावं, अशी चाचणी तयार करणं हा आमचा प्रकल्प होता.

त्यासाठी आम्ही ॲप्टामर वापरायचो. ॲप्टामर म्हणजे डीएनएचा एक आखूड धागा. तो स्वतःभोवती अशी काही घडी घालतो की एका ठरावीक रेणूलाच पकडतो, दुसऱ्याला हात लावत नाही. असा धागा मिळवायचा कसा? कोट्यवधी वेगवेगळे धागे त्या विषासोबत ठेवायचे. जे चिकटले नाहीत ते धुऊन टाकायचे. जे चिकटले त्यांच्या प्रती वाढवायच्या, पुन्हा विषासोबत ठेवायच्या, पुन्हा धुवायच्या. अशा दहा-बारा फेऱ्या झाल्या की मोजके धागे उरतात, ते विष दिसलं की सोडत नाहीत. हे काम मी महिनोन्‌महिने केलं, मान मोडून. सर भाषणात ते समजावून सांगायला लागले की थेट लग्नावर जायचे. शंभर स्थळं बघायची, नव्व्याण्णव नाकारायची, उरलं ते निःसंशय आपलं. एवढं बोलून लोक हसेपर्यंत थांबायचे. मी हा विनोद किती वेळा ऐकला ते मोजणं सोडून दिलं होतं.

धाग्यानं विष पकडलं हे डोळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणून सोन्याचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे. पाण्यात ते डाळिंबाच्या रसासारखे दिसतात. आमचा धागा त्या कणांना लपेटून बसलेला असतो. दूध फाडून त्याची निवळी गाळून घ्यायची आणि नळीत टाकायची. निवळीत विष असलं तर धागा सोन्याला सोडून विषाला धरतो. सोनं उघडं पडतं. वरून मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की उघडे कण एकमेकांना चिकटतात आणि रंग जांभळट निळा होतो. डाळिंबी राहिलं तर दूध चांगलं, जांभळं झालं तर विष. एवढंच. यंत्र नको, वीज नको. कल्पना चांगली होती हे मी आजही म्हणते. माझीच होती.

या चाचणीची पहिली जाहीर पाहणी झाली तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. कुठूनशी एक समिती आली होती, चार मोठी माणसं. आदल्या आठवड्यात आमच्या डिस्टिल्ड वॉटरचे सगळे कॅन सरांच्या हुकमानं प्राचार्यांच्या बंगल्यावर गेले होते, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी. राहिलं काय, तर टँकरचं बोअरचं पाणी, खारट, पातेल्याला पांढरा थर धरणारं. नळ्या त्याच पाण्यानं धुतल्या. मी सरांना सांगितलं होतं की या पाण्यातलं मीठ काचेला राहील, सोनं आपोआप निळं पडेल. ते म्हणाले, काही होत नाही, निःसंशय चालेल. समितीपुढं पाच नळ्या मांडल्या. पाचही जांभळ्या झाल्या. पाचवीत तर दूधच नव्हतं, नुसतं पाणी होतं, ताडून बघायला ठेवलेलं. सरांनी नेहमीसारखं मला पुढं केलं, काय दिसतंय ते सांग पाहुण्यांना. मी म्हणाले, सगळ्या जांभळ्या आहेत, पण सर, ही पाचवी... पुढचं मला बोलूच दिलं नाही. सरांनी गंभीर आवाजात जाहीर केलं की शहराचं दूध निःसंशय विषारी झालेलं आहे. समितीतल्या एका गृहस्थानं हातातली चहाची बशी हळूच खाली ठेवली. चहा त्याच दुधाचा होता. माणसं इतकी घाबरली की प्रकल्पाला तिथल्या तिथं मुदतवाढ मिळाली. त्यानंतर सर मला म्हणाले, बघ, डेटा बोलतो, आपण फक्त ऐकायचं. मी ऐकलं. दुसरं काय करणार?

आता त्यांची एक सवय सांगते, तिच्यापायीच पुढचं सगळं घडलं. नमुन्याच्या प्रत्येक नळीवर चिठ्ठी पाहिजे, आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात दूधवाल्याचं नाव, गाव, जनावर कुठं बांधलेलं, सगळं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. आमच्याकडं खरं तर नुसते आकडे टाकायची पद्धत. सरांना आकडे चालायचे नाहीत. नळी हातात घेतली की आधी चिठ्ठी स्वतःकडं फिरवायची, वाचायची, चष्मा वर करायचा, मग नळी खिडकीकडं धरून डोळे बारीक करायचे. एवढा सोहळा झाला की रंग सांगायचे. शक्यतो तेही नाही, आम्हालाच विचारायचे, तुला काय दिसतंय? ही त्यांची शिकवायची तऱ्हा आहे असं मला पहिली दोन वर्षं वाटत होतं. मी नव्या पोरींना कौतुकानं सांगायची, सर कसं पोरांनाच विचार करायला लावतात बघा. माझी अक्कल ती तेवढीच.

कडूबाई दूधवाली म्हणजे गारखेड्यात सगळ्यांच्या ओळखीची बाई. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण, बोलायला फटकळ. बायपासच्या पलीकडच्या वस्तीवरून ॲपे रिक्षानं दोन कॅन घेऊन यायची आणि सोसायट्यांमधून रतीब घालायची. सर राहायचे त्या सोसायटीतही निम्म्या घरांत तिचंच दूध. मी जवळच खोली घेऊन राहायची, माझाही अर्धा लिटर तिच्याकडंच. त्या वर्षी तिच्या चारही म्हशी छावणीत होत्या. पण पेंड ती स्वतः नाकाला लावून निवडायची. बुरशीची खपली दिसली की पोतं परत. छावणीवाल्यांशी त्यावरून तिचं रोज वाजायचं, आणि ते भांडण ती दूध मापता मापता मला रंगवून सांगायची.

एका रविवारी सकाळी सरांनी आपल्या सोसायटीत जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला. पार्किंगमध्ये खुर्च्या, टेबलावर आमच्या नळ्या, आणि माइक. दोन नमुने होते, एक डेअरीच्या पिशवीतलं दूध आणि एक कडूबाईचं. कडूबाईकडून नमुना मीच घेतला होता. तिनं हसत हसत दिला, घे बाई, तुझ्या शाळेला लागतं तर घे म्हणाली. मी निवळी काढली, नळ्या तयार केल्या. ऐन वेळी माइक खरखरायला लागला. वायर एका ठरावीक जागी दाबून धरली तरच तो चालायचा, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला मागं वायर धरून उभं केलं. विचारायला शेजारी कुणी उरलं नाही. सरांना स्वतःच रंग सांगावा लागला.

डेअरीची नळी त्यांनी उचलली, चिठ्ठी वाचली, खिडकी नव्हती म्हणून आभाळाकडं धरली आणि म्हणाले, डाळिंबी, उत्तम. मग दुसरी उचलली. चिठ्ठी वाचली. कडूबाई, चारा छावणी. चष्मा वर केला. म्हणाले, जांभळा. निःसंशय.

मी मागून बघत होते. दोन्ही नळ्या डाळिंबी होत्या. त्यांच्यात तसूभर फरक नव्हता. बोटभर नळ्या त्या, लांब खुर्च्यांत बसलेल्यांना रंग कुठला दिसायला. माझ्या हातात वायर होती, मी ती सोडली असती तरी माइक बंद पडला असता. मी सोडली नाही. माझा प्रबंध सरांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता, साडेपाच वर्षांचं काम, आणि एका सहीवाचून ते रद्दी होतं. मी वायर घट्ट धरून उभी राहिले आणि सरांचं उरलेलं भाषण लोकांना नीट ऐकू गेलं. मला तेव्हा वाटलं, डेअरीवाल्यांशी यांचं काही साटंलोटं असणार. मनातल्या मनात शिव्या घातल्या. मनातल्या शिव्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी कडूबाईला एकाही दारानं पातेलं दिलं नाही. कुणी आतूनच नको म्हणालं, कुणी खिडकीतून हात हलवला. शेजारच्या दोन सोसायट्यांत दुपारपर्यंत बातमी पोचली. तिसऱ्या दिवशी ती भरलेले कॅन तसेच रिक्षात घालून परत घेऊन गेली.

चौथ्या दिवशी ती विभागात आली. एक लहान कॅन मांडीशी घेऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. पुन्हा बघा, माझ्यासमोर बघा, एवढंच तिचं म्हणणं. सर मागच्या जिन्यानं घरी गेले. दुसऱ्या दिवशीही ती आली, सर पुन्हा मागच्या जिन्यानं. एवढा उंच माणूस, कोट काखेत धरून जिना उतरताना अगदीच बारका दिसायचा. त्याच्या पुढच्या दिवशी ती व्हरांड्यात बसलीच नाही, त्यांच्या स्कूटरपाशी जाऊन बसली. मग काय करतात? आले गुपचूप वर.

मी निवळी काढली आणि सवयीनं चिठ्ठी लिहायला घेतली. कडूबाईनं माझा हात धरला. ती सरांकडं बघून शांतपणे बोलली.

"नाव नका लिहू. नाव लिहिलं की तुमाला दूध दिसतच नाय, मीच दिसते."

मग तिनंच रीत ठरवली. पाच नळ्या घ्यायच्या. काहींत तिचं दूध, काहींत तिचंच दूध पण त्यात आमच्याकडचं मोजून विष टाकलेलं. कुठल्या नळीत काय ते मी पलीकडच्या खोलीत तिच्यासमोर ठरवायचं आणि कागदावर लिहून कागद तिच्या कमरेच्या पिशवीत. नळ्यांवर काही नाही. नावं झाकून तपासलं नाही म्हणून परदेशी नियतकालिकं आमचे लेख परत पाठवायची, तीच गोष्ट या बाईनं उभ्या उभ्या सांगितली. मी तीन नळ्या साध्या ठेवल्या, दोनांत विष घातलं. रंग लख्ख उतरले, तीन डाळिंबी, दोन जांभळ्या. दुपारचं ऊन खिडकीतून थेट स्टँडवर पडलेलं. आंधळा सोडून कुणीही सांगावं.

सरांनी पहिली नळी उचलली आणि सवयीनं फिरवली. चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या बाजूनं फिरवली. तिकडंही नव्हती. त्यांनी नळी माझ्यापुढं धरली, वैशाली, तुला काय दिसतंय?

"तिला नाय," कडूबाई म्हणाली. "तुमी सांगा."

त्यांनी सांगितलं. पाचांत दोन बरोबर आली, तीन चुकली. विषाच्या एका नळीला डाळिंबी म्हणाले, उत्तम म्हणाले. सांगताना दर वेळी ते नळीकडं कमी आणि माझ्या तोंडाकडं जास्त बघत होते, आणि कपाळावर घाम आला होता. कडूबाईनं कागद काढून माझ्या हातात दिला, मी वाचून दाखवला. मग सर म्हणाले, उजेड बरोबर नाही.

मला अजून काही कळलं नव्हतं. मी आपली साटंलोटंच धरून बसलेली. कडूबाईला कळलं. ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"आमच्या धाकल्या दिराचं असंच हाय, सायेब. पिकली मिरची अन् हिरवी मिरची त्याला एकच दिसती. त्यात लाज कसली? आमी त्याला तोडणीला लावत नाय, एवढंच."

सर खुर्चीत बसले. लहानपणापासून असंच आहे, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. डाळिंबी आणि जांभळा त्यांना एकाच मळक्या रंगाचे दिसायचे. म्हणजे बघा, ज्याला हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत तो माणूस त्या दोन रंगांवरच उभ्या असलेल्या चाचणीचा प्रमुख होता, आणि रंग दिसत नव्हता म्हणून माणसाचं नाव वाचून रंग सांगत होता. डेअरीचं नाव छापील, म्हणून चांगलं. छावणीतली बाई, म्हणून विष. साटंलोटं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. त्यात निदान काही मिळवायचं असतं. इथं एका गरीब बाईचा रतीब बुडाला तो केवळ 'मला दिसत नाही' म्हणायची या माणसाला शरम वाटली म्हणून. रंग न दिसणं हा काही गुन्हा नाही. न दिसलेल्या रंगाला निःसंशय म्हणणं हा आहे, आणि तो त्यांनी माइकवरून केला होता.

कडूबाईचं मागणं एकच होतं. ज्या जागी उभं राहून विष म्हणालात, त्याच जागी उभं राहून दूध चांगलं आहे असं म्हणा. डोळ्यांचं काही सांगू नका, मला तुम्हाला नावं ठेवायची नाहीत. सरांनी हो म्हटलं. येत्या रविवारी नक्की, म्हणाले. तिनं त्यांना नमस्कार केला आणि कॅन उचलून गेली.

तो रविवार गेला, पुढचे कितीक गेले. दीड महिन्यानं सोसायटीच्या बोर्डावर पाणीपट्टीच्या नोटिशीखाली एक कागद लागला. 'सदर नमुन्याचे पुनर्परीक्षण करण्यात आले असता निष्कर्ष समाधानकारक आढळून आले.' कुणाचा नमुना, कसलं परीक्षण, काही नाही. त्यात कडूबाईचं नाव नव्हतं. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात नाव पाहिजे म्हणणाऱ्या माणसाला या एकाच कागदावर नाव घालायचं सुचलं नाही.

पुढं तर कमालच झाली. सरांनी चाचणीला एक छोटं यंत्र जोडून घेतलं, ते रंगाऐवजी आकडा दाखवायचं. चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण ते यंत्र घेऊन ते गावोगाव भाषणं द्यायला लागले. शास्त्रज्ञानं मानवी डोळ्यांवर विसंबू नये, असं म्हणायचे. टाळ्या पडायच्या. एका परिषदेत त्यांना त्याबद्दल शाल मिळाली. कडूबाईला ते विसरले असतील असं मला वाटायचं. विसरले नव्हते, ते मला पुढं कळलं, आणि विसरले असते तर बरं झालं असतं.

माझ्या प्रबंधावर सही झाली. मी दुसऱ्या कॉलेजात लागले आणि या सगळ्याबद्दल एक अक्षर न बोलता निघून गेले. हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल या बाईला दुसऱ्याचेच दोष दिसतात.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी. माझ्या बढतीसाठी जुन्या कामाचा अनुभवाचा दाखला लागत होता, त्यावर त्यांची सही हवी होती. सकाळी सातला त्यांच्या घरी गेले, कारण पुढं मला कॉलेज गाठायचं होतं. जिन्यात कडूबाई भेटली. केस पांढरे झालेले, हातात एकच लहान कॅन. मी पाया पडले. तिला ओळख पटायला थोडा वेळ लागला. या सोसायटीत पुन्हा रतीब सुरू झाला का, असं मी आनंदानं विचारलं. तर म्हणाली, नाय, एकच घर. तुझे सर. त्या दिवशी नळ्या बघितल्या ना, त्याच आठवड्यापासून रोज एक लिटर घेतात. नात लहान होती तवा त्यांची, अजून बी तिला दुसरं दूध चालत नाय. फक्त बेल वाजवायची नाय अन् हाक मारायची नाय, नुसती कडी हलवायची.

मला वाटलं माझ्या डोक्यात कुणीतरी उकळतं पाणी ओतलं. इतकी वर्षं स्वतःच्या नातीला हेच दूध पाजलं आणि शेजारच्या दाराला एक शब्द सांगितला नाही!

तिनं कडी हलवली. सरांनी दार उघडलं, हातात स्टीलची किटली. वाकले आहेत, कोट नाही, घरातला बनियन आणि लुंगी. मी जिन्यात जरा मागं होते, त्यांना दिसले नाही. कडूबाईनं दूध मापून घातलं. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि देव काकू पेपर घ्यायला बाहेर आल्या. या काकू त्या रविवारी पहिल्या रांगेत बसलेल्या होत्या. कडूबाईला बघून त्या चपापल्या. दाखल्याचा कागद माझ्या हातात होता, सही व्हायची होती. मी पुढं झाले आणि म्हणाले, काकू, सर कडूबाईंचंच दूध घेतात, रोज, त्या कार्यक्रमाच्या पुढच्याच आठवड्यापासून. विष कधीच नव्हतं त्यात.

काकूंनी सरांकडं पाहिलं. खरंय का हो, त्यांनी विचारलं.

एक शब्द बोलायचा होता. कार्यक्रम नाही, माइक नाही, समोर एक शेजारीण, आणि हातात भरलेली किटली. कडूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या त्या बघण्यात राग नव्हता, मला वाटतं ती वाट बघत होती.

"छे, हे डेअरीचं आहे," सर म्हणाले. "या नुसत्या पत्ता विचारत होत्या."

किटलीतल्या दुधावर अजून फेस होता. कडूबाईनं कॅन खाली ठेवला, त्याचं झाकण काढलं, सरांच्या हातातून किटली घेतली आणि सगळं दूध परत कॅनमध्ये ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत किटली उलटी धरली. मग रिकामी किटली त्यांच्या हातात दिली, झाकण लावलं आणि जिना उतरायला लागली.

"कडूबाई, थांब गं," देव काकू म्हणाल्या, आणि पातेलं आणायला आत गेल्या.